विजूमावशींचं नाक

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाचं एक पत्रक दर महिन्याला ईमेलने येतं. त्यात निधनवार्तेसाठी एक चौकट असते आणि त्या चौकटीत जाणारी प्रत्येक बाई प्रेमळ, सुगरण आणि धार्मिक असते. पुरुष असेल तर सुगरणच्या जागी मनमिळाऊ. विजूमावशी सबनीस गेल्या तेव्हा त्याही या तीन विशेषणांसकट छापून आल्या. त्यातलं प्रेमळ खरं होतं, पण ते कळायला माणसाला वर्षभर तग धरावा लागे. पोळ्या त्या इंडियन स्टोअरमधल्या फ्रोझन आणत. आणि मंडळाच्या आरतीला आल्याच, तर कापूर नाकाशी धरून "यात मेण आहे," एवढं बोलून मागच्या रांगेत जाऊन बसत. शेवटची वीस वर्षं त्यांनी ज्या एका गोष्टीत घातली तिचा पत्रकात उल्लेखही नव्हता. ती गोष्ट म्हणजे बिअर.

गैरसमज नको. मावशी पीत फारच कमी. ग्लासातले चार घोट घ्यायच्या, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायच्या. नागपूरला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून त्या सबनीसकाकांच्या मागोमाग मिशिगनला आल्या. काका गाड्यांचे ब्रेक डिझाइन करत आणि आयुष्यभर ताक पीत. मावशींनी पावाच्या एका मोठ्या कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं यीस्ट सांभाळलं. रिटायर झाल्यावर बाकी कशाची आठवण येईना, यीस्टची मात्र यायला लागली, म्हणून त्यांनी गॅरेजमध्ये बिअर करायला घेतली. मिशिगनच्या हिवाळ्यात गॅरेज म्हणजे फुकटचा फ्रिज. गाडी बाहेर बर्फात उभी आणि आत बिअरची पिंपं जुनी ब्लँकेटं पांघरून बसलेली, अशी त्या घराची व्यवस्था होती. काका गेल्यावरही ती तशीच राहिली.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात माझी बायको मधुरा त्यांच्याकडे विरजण मागायला गेली. अमेरिकेतल्या मराठी वस्तीत ओळख काढायची ही जुनी रीत आहे. मावशी फोनवर होत्या. त्यांनी हातानेच फ्रिजकडे बोट दाखवलं. मधुराने वरच्या कप्प्यातली एक छोटी बरणी उचलली. आत पांढुरकं, दाटसर असं काहीतरी होतं आणि बरणीवर "इ. ३" अशी चिठ्ठी होती. आमच्या लेखी ते दहीच. मधुराने अर्धा गॅलन दूध कोमट करून त्यात ती बरणी रिकामी केली. सकाळी दूध होतं तसंच. फक्त त्याला बेकरीच्या मागच्या दाराशी येतो तसा वास सुटला होता.

मधुरा रिकामी बरणी परत द्यायला गेली आणि भीत भीत म्हणाली, "मावशी, विरजण लागलं नाही हो."

मावशींनी बरणी पाहिली आणि त्या खुर्चीवर बसल्याच.

"अगं, ते विरजण नव्हतं बाप्पा! माझं इटलीचं यीस्ट होतं ते! अख्खं दुधात घातलं?"

"अख्खं."

"आणि दुधाचं काय केलं?"

"ओतून दिलं."

मावशींनी रिकामी बरणी उलटी करून पाहिली. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं लांबलं की मधुराला पाणी आणून द्यावं लागलं. "असू दे. मागच्या कप्प्यात दुसरी बरणी आहे. एकुलतं एक विरजण कोणी ठेवतं का?" नंतर मात्र त्यांनी मधुराला ओट्याशी उभं करून विचारलं, "दुधाला वास कसा येत होता, ते सांग."

"बेकरीसारखा."

"बेकरीसारखा म्हणजे? पुढच्या दारासारखा का मागच्या?"

"मागच्या," मधुरा म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या दिवसापासून त्यांच्या घरात मधुराची किंमत वाढली. माझी कधीच वाढली नाही, कारण मला बेकरीला दोन दारं असतात हेच लक्षात आलं नसतं.

ते यीस्ट आलं होतं रुमालावरून. मावशींच्या सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल बॅगेत घालून आल्या होत्या. इथे कोमट दुधात तो रुमाल भिजवला आणि सबनीसांच्या घरचं दही पुढे चालू झालं. मावशींनी इटलीत तेच केलं. स्वच्छ रुमाल यीस्टमध्ये बुडवला, हॉटेलच्या खिडकीत वाळवला आणि पिशवीत घालून नोव्हायला आणला.

इटली त्यांच्या आयुष्यात आली ती काकांच्या हौसेने. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त काकांनी बसची टूर घेतली होती. पिएमाँट नावाच्या डोंगराळ भागात बस एका वाइनच्या तळघरापाशी थांबली. ताक पिणारे काका आणि इतर चाळीस जण तिथे रांगेत उभे राहिले. गाइडने ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, डोळे केव्हा मिटायचे ते सांगितलं. मावशींना प्रवचन कुठलंच सोसत नसे. त्या बाहेर आल्या तर वाऱ्यावर त्यांना धान्य उकळल्याचा वास आला. वासामागे त्या चालत गेल्या. अर्ध्या मैलावर एका जुन्या गोठ्यात एक माणूस मोठ्या भांड्यात लाकडी वल्ह्याने बार्लीची पेज ढवळत होता. त्याचं नाव एन्झो. चारी बाजूंना द्राक्षांचे मळे, मळ्यांचे मालक त्याचे वडील, चुलते, चुलतभाऊ, आणि हा त्यांच्या मधोमध बिअर करत होता. वडील त्याला आपली जुनी लाकडी पिंपं वापरायला देत, पण बिअरचा घोट त्यांनी कधी घेतला नव्हता. मुलाने देशाचा अपमान केलाय, अशा चेहऱ्याने ते अंगणात बसून असत.

इकडे बसमध्ये माणसं मोजली तर एक बाई कमी. गाइड घाबरला. काका मात्र शांतपणे म्हणाले, "जिथे काहीतरी आंबत असेल तिथे बघा."

त्यानंतर मावशी जवळजवळ दरवर्षी एप्रिलमध्ये इटलीला जात. मंडळातली मंडळी विचारत, "मावशी, इटलीत जाऊन बिअर? तिथे तर वाइन!" यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "द्राक्षं टोपलीत विसरलात तरी त्यांची वाइन व्हायला लागते. बार्ली पोत्यात शंभर वर्षं ठेवा, बार्लीच राहते. ती भिजवा, तिला मोड आणा, सुकवा, दळा, शिजवा, तेव्हा कुठे. म्हणून मला बिअर करणारी माणसं बघायची असतात." जिथे कोणी आपली कला मागत नाही, तिथेच माणसं हौसेने काम करतात, असं त्यांचं मत होतं. इटलीतल्या अशा वीसेक गोठे-गोदामांतून त्या हिंडल्या होत्या. त्यांचं इटालियन शंभर शब्दांचं होतं, आणि त्यात पाणी, मोड, फेस, बुरशी आणि "पुन्हा धुवा" हे प्रमुख होते.

त्यांच्या वहीत वासांची नावं मराठीत असत. इंग्रजी पुस्तकांतली नावं त्या वापरत नसत, कारण त्या पुस्तकांतली फळं त्यांनी लहानपणी खाल्ली नव्हती. "ओलं घोंगडं." "नवं पाठ्यपुस्तक, पण भूगोलाचं." "संत्र्याची साल चुलीवर." "लग्नघरातली दुसरी सकाळ." एका बिअरखाली फक्त "तलाठी कार्यालय" असं लिहिलं होतं. मी खुलासा विचारला तर म्हणाल्या, "तू गेला नाही का कधी? मग तुला नाही कळायचं."

त्यांना राग एकाच गोष्टीचा होता: न आलेला वास आला म्हणून सांगणं.

शिरीष हा आमच्यातला पहिला वाइनवाला. त्याने बेसमेंटमध्ये लाकडी कपाटं, मंद दिवे आणि तापमानाचा काटा बसवून घेतला होता. एका शनिवारी दुपारी त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि जपून ठेवलेली एक बाटली उघडली. प्रत्येकाने ग्लास फिरवला. कोणाला चामडं आलं, कोणाला काळी चेरी, कोणाला तंबाखू. मलाही काहीतरी आलं. काय ते आता आठवत नाही, पण मी ते आत्मविश्वासाने सांगितलं. मावशींनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"शिरीष, ही भाजीत घाल, दुसरी उघड."

"मावशी, इट्स अ ग्रेट व्हिंटेज!"

"असेल रे. बूच खराब निघालंय. पावसात भिजलेला पुठ्ठा येऊन राहिला."

 मग एकेकाने पुन्हा वास घेतला, आणि चामडं, चेरी, तंबाखू सगळं जाऊन प्रत्येकाला पुठ्ठा यायला लागला. मावशी वैतागल्या. "आता माझं ऐकून पुठ्ठा म्हणू नका! नसेल येत तर नसेल येत. त्यात लाज कसली?" शिरीषचा चेहरा पडला होता. थोड्या वेळाने त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि बूच का कुजतं, त्यात ठेवणाऱ्याचा दोष कसा नसतो, हे त्यांनी त्याला अर्धा तास समजावलं. तो त्या वर्षीपासून त्यांचा शिष्यच झाला. तापमानाचा काटा मात्र त्याने काढला नाही.

मग तो हिवाळा आला ज्यात सगळ्या गावाला ताप येऊन गेला. मावशींनाही आला. आठवड्याभरात उठल्या, नेहमीसारख्या चिडक्या आणि टवटवीत. मार्चमध्ये त्यांनी अचानक विचारलं, "या वर्षी माझ्याबरोबर चला ना इटलीला. एकटीला बॅगा झेपत नाहीत." मला आश्चर्य वाटलं, कारण बॅगेला हात लावला तर त्या माझ्यावर ओरडत. पण आम्ही तिकिटं काढली.

विमानात मधुरा आणि त्या शेजारी बसल्या होत्या. अटलांटिकवर कुठेतरी मधुरा माझ्या सीटपाशी आली आणि कानात म्हणाली, "मावशींना वास येत नाही."

"म्हणजे?"

"तापापासून. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले येईल, नाहीतर नाही येणार. कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना माझं नाक हवंय."

प्रकरण असं होतं. एन्झो दर वर्षी वडिलांच्या जुन्या पिंपांत चेस्टनटची बिअर मुरवत ठेवी. चेस्टनट म्हणजे तिकडच्या डोंगरातलं फणसाच्या आठळीसारखं लागणारं फळ. कोणतं पिंप बाटल्यांत भरायचं, कोणतं अजून थांबवायचं आणि कोणतं ओतून द्यायचं, हे गेली काही वर्षं तो मावशींना विचारूनच ठरवत असे. वर्षाचं काम त्या दोन-तीन पिंपांत असे. मावशींना आता काहीच कळत नव्हतं, आणि "या वर्षी येत नाही" हे कळवायचा धीरही झाला नव्हता. मधुराने वास घेऊन मराठीत सांगायचा, त्यांनी तो आपला म्हणून एन्झोला सांगायचा, असं ठरलं होतं. आयुष्यभर लोकांच्या थापा पकडणारी बाई थाप मारायला निघाली होती, आणि सोबत आम्ही होतो.

गोठ्याशी पोचलो तेव्हा द्राक्षांच्या वेलींना नुकती पालवी फुटत होती. एन्झो चाळिशीतला, दाढीवाला, मोडकं इंग्रजी बोलणारा. वडील अंगणात खुर्चीवर होते. त्यांनी आमच्याकडे पाहून टोपीला हात लावला. परक्या देशातून लोक बिअरसाठी येतात ही गोष्ट त्यांनी कधी मान्य केली नव्हती, पण शिष्टाचार शिष्टाचाराच्या जागी होता.

एन्झोने दोन पिंपांतून दोन ग्लास भरले. मावशींनी पहिला उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. सगळं अगदी पूर्वीसारखं. मला ते बघवेना. मग ग्लास मधुराकडे आला.

"कच्चा पेरू," मधुरा मराठीत म्हणाली. "थोडा धूर. छान आहे."

मावशींनी एन्झोला सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. मग दुसरा ग्लास.

मधुराने तो दोनदा नाकाशी नेला. "माळ्यावरची गादी. जुनी. उन्हात न घातलेली."

मावशींनी शब्द शोधून शोधून तेही सांगितलं. एन्झो गंभीर झाला. त्याने एकच प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वीही एका पिंपाला असा गादीचा वास आला होता. तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, थांब, महिन्याभरात जाईल, आणि तो गेला होता. तर ही गादी जाणारी आहे का राहणारी? थांबू का ओतून देऊ?

मावशींनी मधुराकडे पाहिलं. मधुरा म्हणाली, "मावशी, मला नाही हो कळत. गादी आहे एवढंच."

मावशींनी ग्लास परत हातात घेतला. पुन्हा नाकाशी नेला. खूप वेळ धरला. त्यांच्या तोंडून "थांब" किंवा "ओत" असा एक शब्द गेला असता तरी एन्झोने तो मानला असता, आणि आमच्यातल्या कोणालाही तो चूक होता हे कधी कळलं नसतं. शेजारच्या पिंपातून अधूनमधून बुडबुडा फुटल्याचा आवाज येत होता.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"एन्झो," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला वास येत नाही. चार महिने झाले. आत्ता तुला सांगितलं ते हिने ओळखलंय. मी फक्त नाटक केलं."

एन्झोला आधी कळलं नाही. कळल्यावर तो चिडला. मला वाटलं होतं तो मावशींना जवळ घेईल वगैरे. तो चांगलाच चिडला. "मग पेरू म्हणताना का नाही सांगितलंस? पेरू खरा आहे का तोही नाटक?"

"पेरू खरा आहे. हिचं नाक चांगलं आहे."

"मग एवढ्या लांब कशाला आलीस?"

  मावशी म्हणाल्या, "दुसरं काय करू ते सुचलं नाही."

एन्झो दुसऱ्या पिंपासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने खडूने त्यावर एक फुली मारली. बिअर ओतायची की थांबवायची, ते त्याचं त्याने ठरवलं होतं आणि आम्हाला सांगितलं नाही. मागच्या खोलीत दगडी फरशीवर बार्ली पसरलेली होती, मोड यायला. दिवसातून तीनदा ती उलटीपालटी करावी लागते. त्याने कोपऱ्यातलं धान्य ओढायचं लाकडी दाताळं उचललं आणि मावशींच्या हातात दिलं.

"हात चालतात ना?" त्याने विचारलं.

मावशींनी चपला काढल्या, सत्तरी उलटलेल्या गुडघ्यांवर जोर देत त्या ओल्या धान्यात उतरल्या आणि दाताळं ओढायला लागल्या. एका टोकाला थांबून त्यांनी दाणा उचलला, नखाने चिरला, दाताखाली धरला आणि ओरडल्या, "उद्या नाही, आज संध्याकाळी सुकवायला घे! मोड पुढे गेलेत!" एन्झोने येऊन दाणा चावून पाहिला. तो थेट भट्टी पेटवायला गेला. दारातून वडील पाहत होते.

त्यांचं नाक परत आलं नाही. नोव्हायला आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. मंडळाच्या पिकनिकमध्ये कोणी सहानुभूती दाखवली की म्हणायच्या, "बरं आहे, तुमचे परफ्यूम आता छळत नाहीत." गॅरेजमधली पिंपं मधुरा बघायला लागली. मावशी स्टुलावर बसून प्रश्न विचारत आणि मधुराची उत्तरं वहीत लिहीत, प्रत्येक ओळीपुढे कंसात "म." मी एकदा म्हटलं, "मावशी, एवढं कशाला? वही तर तुमचीच." तर म्हणाल्या, "वही माझी. वास तिचा."

माझ्या डोळ्यांपुढे त्या आहेत त्या शेवटच्या हिवाळ्यातल्या. आमच्या भागातल्या घरी बिअर करणाऱ्यांचा एक क्लब आहे. बहुतेक उंच, दाढीवाले मिशिगनचे गोरे लोक. वर्षातून एकदा ते स्पर्धा घेतात. मावशी तिथे वर्षानुवर्षं परीक्षक होत्या. त्या वर्षी त्यांनी स्वतःच नाव काढून घेतलं आणि वाढप्याचं काम मागून घेतलं. वाढप्याने नंबर लावलेले ग्लास ट्रेमधून टेबलाटेबलावर न्यायचे आणि रिकामे परत आणायचे. एक परीक्षक आजारी पडला म्हणून त्यांनी मला नेऊन बसवलं. मी नको नको म्हणत होतो.

अंगात जाड स्वेटर, त्यावर क्लबचा एप्रन, पायात बर्फाचे बूट. शेजारच्या टेबलावर एक जण डोळे मिटून आंब्याची साल, गवती चहा, समुद्राचा वारा असं काहीबाही बोलत होता. मावशी ट्रे घेऊन त्याच्यापाशी थांबल्या. "आला, का वाचलाय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. तो हसला, मग विचारात पडला आणि त्याने समुद्राचा वारा खोडला.

मग त्या माझ्याकडे आल्या. सतरा नंबरचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. मी तो फिरवला, वास घेतला, पुन्हा घेतला. टेबलावरचे बाकीचे दोघे भराभर लिहीत होते. माझा कागद कोरा.

"मावशी," मी हळूच मराठीत म्हटलं, "मला तर काहीच येत नाहीये."

त्या ट्रे सावरत माझ्याकडे वाकल्या. मला वाटलं, ओरडणार.

"मग तसंच लिही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.